आठ दिवसांत गोरे करणारी ट्यूब

तुळशीची लग्ने लागली की आमच्या दवाखान्यातली गर्दी थोडी बदलते. ताप-खोकल्याच्या आणि सांधेदुखीच्या पेशंटमध्ये उपवर मुली आणि त्यांच्या आया दिसू लागतात. तक्रार बहुधा एकच असते. ‘डॉक्टर, चेहऱ्याचं काहीतरी करा. पुढच्या रविवारी पाहुणे यायचे आहेत.’

गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली होती. तिने ती सोडली आणि मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला. दोन्ही गाल लालभडक, त्यांवर पुळ्या. कातडी इतकी पातळ झालेली की आतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वरून दिसत होते. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर लव वाढली होती.

‘डॉक्टरकाका, उन्हात गेलं की आग होते. आता तर गॅसपुढेही उभं राहवत नाही,’ ती म्हणाली.

‘काय लावतेस चेहऱ्याला?’

तिने पर्समधून एक छोटीशी ट्यूब काढली. दोन वर्षे रोज रात्री ती लावत होती. ‘पहिल्या आठवड्यातच इतका फरक पडला काका, मैत्रिणी विचारायच्या, कोणतं क्रीम लावतेस म्हणून!’ पुढे कधी बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा पेटायचा. पुन्हा लावली की शांत व्हायचा. म्हणून ती लावतच राहिली.

ट्यूबवर नाव होते क्लोबेटासोल. स्टेरॉइडच्या मलमांमध्ये हे सर्वांत जहाल समजले जाते. मी जरा चढ्या आवाजातच विचारले, ‘ही कुणी दिली तुला?’

मुलगी आईकडे पाहू लागली. आई खाली मान घालून म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्हीच. म्हणजे मला दिली होती, घोट्यावरच्या इसबाला. चार वर्षं झाली. माझा इसब एकदम बरा झाला, म्हणून चिठ्ठी जपून ठेवली. मेडिकलवाले ती बघून देतात.’

त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. घड्यांवर विरलेली होती, पण खाली सही माझीच होती. औषध घोट्यावरच्या जाड, जुनाट इसबासाठी योग्यच होते. पण चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि ‘दिवसातून दोनदा’ एवढेच लिहिलेले. किती दिवस लावायचे, कुठे लावायचे आणि कुठे मुळीच लावायचे नाही, यातले एक अक्षर मी लिहिले नव्हते.

वाचकहो, आजचा लेख हे त्या चिठ्ठीचे प्रायश्चित्त समजा. सौंदर्यप्रसाधनांबद्दल अनेक पेशंट मला विचारतात, ‘तुमचं खरं मत काय?’ ते आज सांगून टाकतो.

रंग येतो कुठून?

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. हे आईबापांकडून ठरून येते. त्यात भर पडते ती उन्हाची. मेलॅनिन ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. उन्हातले घातक किरण ते अडवते, म्हणून ऊन लागले की शरीर ते अधिक बनवते.

आपला मूळ रंग कोणता, हे पाहायचे असेल तर दंडाची आतली बाजू पाहा. तिथे ऊन लागत नाही. उन्हाने रापलेला चेहरा काळजी घेतल्यावर हळूहळू त्या रंगाच्या जवळ येऊ शकतो. त्याच्याही पलीकडे, चार-आठ दिवसांत चेहरा उजळला तर समजावे की त्या डबीत नुसते क्रीम नाही.

माझे मत या एका वाक्यात आले. जे क्रीम काहीच करत नाही, त्याने फार तर तुमचा खिसा हलका होईल. जे क्रीम झटपट काम करते, त्याचीच भीती बाळगा.

स्नोपासून ग्लोपर्यंत

चेहऱ्याला काहीतरी लावण्याची आवड आजची नाही. अफगाण स्नो १९१९ सालापासूनचे. माझ्या आईच्या कपाटात स्नोची एक बाटली आणि पावडरीचा एक डबा असे. दोन्ही सणासुदीला निघत. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आले आणि गोरेपणा ट्यूबमध्ये मिळू लागला. २००५ पासून पुरुषांसाठीही वेगळी क्रीमे निघाली. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. ‘गोरेपणा’ जाऊन ‘ग्लो’ आला. आमच्याकडच्या लग्नाच्या बायोडाटामधला ‘वर्ण’ हा रकाना मात्र अजून गेलेला नाही. त्यात ‘निमगोरा’ लिहावे की ‘गव्हाळ’, यावर घरात चर्चा होते. त्या रकान्याच्या धास्तीनेच मुली ट्यूबकडे वळतात.

नावाजलेल्या कंपन्यांच्या रोजच्या क्रीमबद्दल मला विचाराल तर त्यांत कातडी ओलसर ठेवणारे घटक, थोडे ऊन रोखणारे घटक आणि सुवास असतो. कातडी मऊ राहते, जरा तुकतुकीत दिसते. जाहिरातीतल्यासारखे एकीची दुसरी होत नाही. लावायचे असेल तर खुशाल लावा, अपेक्षा तेवढीच ठेवा. धोका त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन गोष्टींत आहे. एक मेडिकलमधली औषधी ट्यूब आणि दुसरी बिननावाची डबी.

औषधी ट्यूब

स्टेरॉइड हे उत्तम औषध आहे. इसब, सोरायसिस यांसारख्या रोगांत त्याच्याशिवाय आमचे चालत नाही. ते सूज उतरवते, खाज थांबवते, रक्तवाहिन्या आकसवते आणि रंगद्रव्याचे काम मंदावते. त्यामुळे चेहऱ्याला लावले की पहिल्या आठवड्यात पुळ्या बसतात, लाली जाते, रंग उजळ दिसतो. बाईला वाटते, देवच पावला.

काही आठवडे-महिने गेले की कातडी पातळ होते. रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या उठतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. बंद करावे तर चेहरा आगीसारखा होतो. लावावे तर तात्पुरते बरे वाटते. दारू सुटलेल्या माणसाचे हात कापतात आणि एक घोट घेतला की थांबतात, तसलाच हा प्रकार. आपल्याकडे हे इतके पाहायला मिळते की त्वचारोगतज्ज्ञांनी ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे त्याचे स्वतंत्र नावच ठेवले आहे.

चेहऱ्यावरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी एक तिहेरी मलम देतात. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन, अशी तीन औषधे असतात. डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे आठवडे लावायचे हे मलम ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून घरोघर पोचले आहे. त्यातले हायड्रोक्विनोन मनाला येईल तितके दिवस लावले तर कातडीवर निळसर-काळे डाग पडू शकतात आणि ते सहजी जात नाहीत. गोरे व्हायला गेली आणि कायमची काळवंडली, अशी गत होते.

गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावणारे तर घरोघरी आहेत. खाज थांबते, पण आतली बुरशी पसरतच राहते. एका रुपयाएवढा चट्टा ताटाएवढा होऊन मग माणूस दवाखान्यात येतो.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे ‘शेड्यूल एच’ मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा झाला, पण दुकानात नाव सांगितले की ट्यूब हातात पडते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. शिवाय माझ्या पेशंटकडे तर चिठ्ठी होतीच!

बिननावाची डबी

दुसरा धोका पाऱ्याचा. ही डबी ब्यूटी पार्लरमध्ये, जत्रेत, कटलरीच्या दुकानात किंवा मोबाईलवरून मागवून मिळते. कधी तिच्यावर परदेशी अक्षरे असतात, कधी काहीच नसते. पारा रंगद्रव्य बनण्याची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा भराभर उजळतो. पण तो कातडीवर थांबत नाही. कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचा भाग सुजतो.

ही दूरदेशची गोष्ट नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्या अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. घरातल्या तिघी एकच क्रीम लावत. तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्रीम तपासले, तर त्यात पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला. या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावणारे निघाले. समाधानाची बाब एवढीच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरू लागला.

आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आला तरी तो दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘कॅलोमेल’ असा शब्द दिसला तर ती सरळ बाजूला ठेवा. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल तरीही संशय घ्या, कारण पारा सोन्याला धरतो. बांगडीला चालत नाही, ते गालाला कसे चालेल?

टिकली, डाय आणि काजळ

नटण्याला माझा विरोध नाही. लग्नाच्या दिवशी नवरीने मेकअप केला तर त्यात डॉक्टरने नाक खुपसू नये. रात्री तो धुऊन झोपावे आणि ब्रश, लिपस्टिक, काजळाची पेन्सिल दहाजणींत फिरवू नये, एवढेच माझे सांगणे. काही वस्तूंबद्दल मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत.

टिकलीच्या मागच्या डिंकात काही वेळा एक रसायन असते, त्याने रंगद्रव्याच्या पेशी मरतात. कपाळावर बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. घरचे घाबरतात, ‘कोड फुटलं’ म्हणतात आणि मुलीचे लग्न अडते. डाग दिसताच टिकली बंद करा आणि लवकर दाखवा. आपल्या आज्या मेण लावून त्यावर कुंकू लावत. पण आजच्या कुंकवातही पुष्कळदा हळदीऐवजी रासायनिक रंग असतो. कपाळाला खाज सुटली किंवा ते काळवंडले, तर कुंकूही बदलून पाहावे.

केसांच्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचे रसायन असते. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’तही बहुधा तेच असते. खरी मेंदी लाल-नारिंगी रंगते, कोळशासारखी काळी कधीच नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी मिशीला डाय लावून बसले. सकाळी ओठ सुजलेले, डोळे उघडेनात. ‘डॉक्टर, दहा वर्षं हाच लावतोय, आजच कसं झालं?’ ॲलर्जीचा स्वभावच असा आहे. ती दहा वर्षे गप्प बसते आणि अकराव्या वर्षी उठते. म्हणून दर वेळी आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. भुवयांना आणि पापण्यांना डाय कधीही लावू नये. त्याने अंधत्व येऊ शकते, अशी सूचना पाकिटावर छापणे कंपनीला बंधनकारक आहे. आपण ती वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालू नका. त्याने डोळे मोठे होत नाहीत. काही सुरम्यांत शिसे असते आणि ते बाळाच्या मेंदूला घातक आहे. दृष्टीचीच भीती असेल तर तळपायाला तीट लावा.

घरगुती उपायांनाही मी सरसकट चांगले म्हणणार नाही. डाळीचे पीठ आणि साय बहुतेकांना सोसते. पण लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. पुळीवर टूथपेस्ट लावण्याने तर फक्त जखम होते.

मग घ्यावे तरी काय?

मला कोणी तीनच गोष्टी निवडायला सांगितल्या तर मी साधा सौम्य साबण किंवा फेसवॉश, कातडी ओलसर ठेवणारे साधे क्रीम आणि ऊन रोखणारे सनस्क्रीन निवडीन. सनस्क्रीनवर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक असावे. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे चेहऱ्याला, मानेला आणि कानांना सढळ हाताने लावावे. उन्हातच काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी छत्री, पदर आणि स्कूटीवरच्या मुलींचा तो स्कार्फ, ही स्वस्तातली उत्तम सौंदर्यप्रसाधने आहेत. शेतात काम करणाऱ्या बायांच्या डोईवरचा पदर याच कामाचा आहे. हिवाळ्यात कातडी फुटत असेल तर पेट्रोलियम जेली पुरते. खोबरेल तेल हातापायांना छान, पण पुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला नको.

काहीही विकत घेताना उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि घटकांची यादी पाहा. यातले काही नसेल तर वस्तू परत करा. पाकिटावर ‘आरएक्स’ अशी खूण किंवा डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. आणि घटकांत शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असलेले नाव दिसले, जसे बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते चेहऱ्याजवळही नेऊ नका.

जे आधीपासून लावत आहेत त्यांच्यासाठी

अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल तर हा लेख वाचून घाबरून जाऊ नका. लपवूही नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किती दिवस लावली ते खरे सांगा. ते औषध बेताबेताने कमी करतील किंवा बदलून देतील. मधल्या काळात चेहरा लाल होईल, आग होईल. त्या दिवसांत धीर सोडून पुन्हा ट्यूबकडे वळू नये आणि मैत्रिणीने सांगितलेली दुसरी ट्यूबही आणू नये. डबीतले क्रीम लावल्यावर पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला असेल, तर डबीसकट त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि लघवी तपासून घ्या.

त्या मुलीला मी जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. पहिला महिना फार जड गेला. दोन स्थळे तिने स्वतःच पुढे ढकलली. सहा-सात महिन्यांनी चेहरा बराचसा निवळला. गालांवरच्या काही बारीक रक्तवाहिन्या अजून दिसतात, त्या बहुधा राहतील. ती मला दोष देत नाही. तिची आईही देत नाही, उलट स्वतःलाच बोल लावते. मला मात्र ती चिठ्ठी आठवते.

आता स्टेरॉइडचे मलम लिहिताना मी खाली मराठीत लिहितो: ‘फक्त घोट्याला. फक्त १४ दिवस. चेहऱ्याला नाही. ही चिठ्ठी पुन्हा वापरू नये.’ पेशंटला ते मोठ्याने वाचायला लावतो. बाहेर बाकावर बसलेले हसतात, हसू देत.

वाचकहो, या रविवारी घरातल्या आरशाखालचा कप्पा एकदा रिकामा करून पाहा. जी ट्यूब कशासाठी आणली होती हे आठवत नाही, ती वेगळी काढा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. आमच्याच गावात राहत असाल आणि माझ्या सहीची एखादी जुनी चिठ्ठी जपून ठेवलेली असेल, तर तीही घेऊन या. त्याची फी पडणार नाही.